सासूबाईंच्या नाकाची लेन्स

"मला टोपी घालणारा दुकानदार अजून जन्माला यायचाय," फोटोवाल्याने जुन्या कॅमेऱ्यांच्या दुकानात शिरतानाच जाहीर केलं. मग एक लेन्स दिव्यासमोर धरली, डोळा बारीक करून आत बघितलं आणि ओरडला, "सापडलं! आत केस आहे!"

दुकानदाराने लेन्स घेतली, पाहिली, परत दिली.

"साहेब, ती तुमची भुवई आहे. काचेत दिसतेय."

दुसरा कोणी ओशाळला असता. फोटोवाल्याला वाटलं, उत्तर फारच तयार होतं.

लेन्स घ्यायची वेळ आली ती सासूबाईंच्या नाकामुळे. मागे त्याने त्यांचा आणि त्यांच्या कुत्र्याचा फोटो काढला होता, साध्या लेन्सने, अगदी जवळ जाऊन. फोटोत आधी नाक आलं, सासूबाई त्याच्या मागून आल्या. कुत्र्याचं तर नुसतं थोबाडच थोबाड, आणि लांब कुठेतरी शेपूट. या कुत्र्याला घरात वकील म्हणत, कारण समोरच्याचं ऐकून न घेता तो बोलत सुटायचा.

"जावईबापू, माझ्यावर राग असेल तर समजू शकते," सासूबाई म्हणाल्या होत्या. "पण वकिलाने तुमचं काय घोडं मारलं होतं?"

"आई, ते लेन्समुळे होतं."

"लेन्समुळे! मुद्दाम केलंत. आता एकदाच संधी. दोघांचा फोटो माणसांसारखा आला तर स्टुडिओची खोली तुमची. नाही आला तर धाकट्या जावयाला देते."

फोटोवाला स्टुडिओ चालवायचा ती खोली सासूबाईंची होती. धाकट्या जावयाचं, म्हणजे साडूचं, चष्म्याचं दुकान बरोबर समोर, मधे फक्त बोळ. त्याच्या फ्रेमा दुकानात मावत नव्हत्या, आणि खोलीवर त्याचा डोळा आहे हे बोळातल्या मांजरीलाही माहीत होतं. असा हा साडू स्वतः येऊन म्हणाला होता, "साडूभाऊ, पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स घ्या. माणूस असो की जनावर, चेहरा जसाच्या तसा येतो. आणि फार मागे जावं लागत नाही, या खोलीत भागतं."

खोलीवर टपलेला माणूस फुकटचा चांगला सल्ला देतो? कुठेतरी पाणी मुरतंय, हे फोटोवाल्याने तिथेच ओळखलं.

आणि आता हा दुकानदार म्हणत होता, "माणसं आणि पाळीव जनावरं ना? मग पंच्याऐंशी घ्या."

"तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला पाहिजे? सगळेच घेतात."

"सगळेच!" फोटोवाल्याने बायकोला फोन लावला. "तुझ्या बहिणीचा नवरा या दुकानात कधी आला होता?"

"अहो, मला काय माहीत? घ्या की पंच्याऐंशी आणि या घरी."

"तूपण?"

त्याने कपाटात नजर फिरवली. कोपऱ्यात एक लांबलचक एकशे पस्तीसची लेन्स पडली होती. तिची शिफारस अजून कोणीच केली नव्हती. म्हणजे तीच प्रामाणिक.

"घ्या, चांगली आहे," दुकानदार म्हणाला, "पण मागे जायला जागा लागेल हं. आणि माल परत घेत नाही मी."

"बघा, लगेच घाबरवायला लागला," असं स्वतःशीच म्हणत फोटोवाला लेन्स घेऊन निघाला.

स्टुडिओत सासूबाई खुर्चीत बसल्या. शेजारी वकील बसला. फोटोवाल्याने कॅमेऱ्यातून बघितलं तर नुसता एक कान दिसला. कोणाचा ते कळेना. तो मागे सरकला. वकील उठला आणि त्याच्या मागे आला. वकिलाला परत बसवलं. तो आणखी मागे सरकला, वकील आणखी पुढे आला. शेवटी फोटोवाल्याची पाठ भिंतीला लागली आणि वकिलाचं नाक लेन्सला.

"फोटो काढताय की पळून जाताय?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, पट्टा घट्ट धरा."

त्याने दार उघडलं आणि बोळात गेला. तरी सासूबाई कपाळापासून हनुवटीपर्यंतच मावत होत्या. बोळाच्या पलीकडे साडू आपल्या दुकानाच्या दारात हाताची घडी घालून उभा होता.

"या ना आत," साडू म्हणाला. "माझ्या मागच्या भिंतीला टेकून काढा. दोन्ही दारं उघडी ठेवू."

"का?"

"का म्हणजे? तुमची पाठ दुखेल असं वाकून."

"तुमचा यात काय फायदा?"

"काही नाही हो. या."

फोटोवाल्याला यात नक्की काय काळंबेरं आहे ते सापडेना, म्हणून तर जास्तच भीती वाटली. पण अडला हरी. तो आत गेला, भिंतीला टेकला आणि बटण दाबलं. पहिल्या फोटोत एक पार्सलवाला मधूनच गेला. दुसऱ्यात वकील त्याच्यावर भुंकत होता. तिसरा मात्र असा आला, की सासूबाई कितीतरी वेळ कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघतच राहिल्या.

"हे माझं नाक," त्या हळूच म्हणाल्या. "लग्नाआधी असंच होतं. आणि वकील बघा कसा शहाण्यासारखा बसलाय!"

"लेन्स कोणी निवडली?" फोटोवाल्याने साडूकडे बघत छाती फुगवली. "मग आई, खोली?"

"थांबा. म्हणजे फोटो आता असाच निघणार? तुम्ही तिकडून, गिऱ्हाईक इकडे?"

"हो. लांबूनच. त्यातच तर खरी कला आहे."

"मग तुम्हाला खोली कशाला? तुम्ही उभे राहणार त्याच्या दुकानात. इथे गिऱ्हाईकाला बसायला एक खुर्ची पुरे. बाकीची जागा त्याच्या फ्रेमांना देते."

"आई, पण तुम्ही शब्द दिला होता!"

"खुर्ची दिली ना?"

"साडूभाऊ," साडू अगदी मऊ आवाजात म्हणाला, "मी पंच्याऐंशीचीच सांगत होतो."

दुसऱ्या दिवशी साडूने खोलीत कपाटं आणली आणि खुर्चीमागच्या भिंतीवर नजर तपासायचा अक्षरांचा तक्ता टांगला. पहिलं गिऱ्हाईक मांडीवर मांजर घेऊन बसलं. फोटो सुरेख आला. चेहरा स्वच्छ, मांजरीची मिशी न् मिशी स्पष्ट, आणि लांब लेन्सच्या खाक्याप्रमाणे मागचं सगळं धूसर. गिऱ्हाईकाने फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, मागची अक्षरं वाचायचा पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, आणि फोटो तिथेच ठेवून साडूकडून चष्मा करून घेतला.