पेट स्कॅन पोटाचा नसतो

बाईच्या छातीत गाठ आली की आपल्याकडं ती सांगताना पोटात जाते. खोटं वाटतं? तुमच्याच घरात विचारा. पाठ दुखते, पोट दुखतं, गुडघे दुखतात. छाती मात्र बाईला नसतेच!

ओतूरच्या शीलानं हेच केलं. गाठ हाताला लागली आणि सासरी सांगितलं, पोटात दुखतंय. खरं फक्त नणंदेला, स्नेहलला माहीत. तिनं गुपचूप नेऊन तपासण्या केल्या. मॅमोग्राफीत धूसर दिसलं. सुईनं काढलेल्या तुकड्यात कॅन्सर निघाला. रोग छातीत नेमका कुठवर पोचलाय, आणखी कुठं बारीक ठिपका दडलाय का, हे ऑपरेशनआधी बघायला डॉक्टरांनी पुण्यात पेट स्कॅन सांगितला. पेट ही इंग्रजी आद्याक्षरं. एरवी हा स्कॅन सगळ्या अंगाचा असतो, हा मात्र नुसत्या छातीचे बारकाईनं फोटो काढणाऱ्या यंत्रावरचा.

आदल्या दिवशी दवाखान्याचा फोन आला आणि तो नेमका नवऱ्यानं, सयाजीनं उचलला. पेट स्कॅन आहे, उपाशीपोटी या, असं तिकडून सांगितलं. टीव्हीवरची हिंदी रोज कानावर पडणारा गडी! पेट म्हणजे पोट, आणि पोटाचं दुखणं तर ओव्यानं थांबलं, असं त्याला वाटत होतं. त्यानं स्कॅन रद्द करून टाकला.

शीलानं चुलीपासून ऐकलं. भाकरी थापत राहिली. स्नेहल भावाशी भांडली, पण स्कॅन कशाचा ते तिच्याही तोंडून निघेना. शेवटी ती शेजारच्या बिबिजानला घेऊन आली. बांगड्या भरणारी बिबिजान याच रोगातून उठलेली.

"सयाजीभाऊ, पोट ठणठणीत हाय तिचं. छातीचा कॅन्सर हाय."

ओसरीवर सयाजीचा बाप, गेणभाऊ, बसला होता. सयाजी लाल झाला. "भाभी, गडीमाणसांत असलं बोलत्यात व्हय?"

"मीबी न्हाई बोलले. लई दिवस. मग सगळी बाजूच काढावी लागली. तुमी लाजा, राव. गाठ लाजत न्हाई."

सयाजीनं शीलाकडं पाहिलं. ती भिंतीकडं बघत म्हणाली, "कितींदा सांगाया आले. तोंडातनं पोटच निघायचं."

त्यानं दवाखान्याला फोन लावून स्कॅन परत मागितला. पलीकडची मुलगी म्हणाली, स्कॅनआधी टोचायचं औषध त्याच सकाळी बनतं, काही तासांत त्याचा जोर उतरतो, म्हणून मागणी मोजकीच जाते, बघते. मग विचारलं, स्कॅन कशाचा, सगळ्या अंगाचा?

सयाजीनं बापाकडं पाहिलं. म्हातारा उठून गेला नाही.

"न्हाई. स्तनाचा. माज्या बायकूच्या."

मागणी अजून गेली नव्हती.

स्कॅनमध्ये दुसरा ठिपका सापडला, मॅमोग्राफीत न दिसलेला. ऑपरेशनात गाठ आणि ठिपका दोन्ही काढले. उपचार अजून चालू आहेत, आणि आता दर खेपेला सयाजी बरोबर असतो.

बाबांनो, तांदळाच्या दाण्याएवढा रोग दाखवणारी यंत्रं आली. पण त्या यंत्रापर्यंत बाईला न्यायचं तर आधी घरात एक शब्द उच्चारावा लागतो. ज्या घरात तो शब्द घाण ठरतो, तिथं बाई रोगानं नंतर मरते, आपल्या लाजेनं आधी. आज घरी गेल्यावर बायकोला, आईला, बहिणीला तो शब्द वापरून विचारा. जीभ झडत नाही.