बिघडलो नव्हतो मी

मित्रांनो, मला शिट्टी नाही आणि घाईही नाही. आकुर्डीच्या एका घरातला मी जुना स्लो कुकर. चिनी मातीचं जाड भांडं, काचेचं झाकण आणि मंद आच, एवढाच माझा संसार.

आम्रपालीने मला हौसेने आणलं. ती महाळुंग्याच्या कारखान्यात कामाला होती. सकाळी कंपनीची बस येण्याआधी ती माझ्यात अख्खा मसूर, कांदा, टोमॅटो, मसाला आणि पाणी घालायची, बटण दाबायची आणि निघायची. परतेपर्यंत कालवण तयार! तिच्या सासूबाई, भिमाबाई, आधी नाक मुरडायच्या. पण मऊ मसूर त्यांच्या कवळीला मानवला. "गुणाचं हाय गं तुझं मशीन," त्या म्हणू लागल्या. मी फुलून जायचो.

नवरा नागसेन दोनदा वाढून घ्यायचा. बायकोची नोकरी मात्र त्याला खुपायची. त्यात तिला बढती देऊन लाईन लीडर करायचं ठरलं.

त्याच आठवड्यात तिचे वडील मारुतराव जेवायला येणार होते. आम्रपालीने सकाळी माझ्यात मटण लावलं. ती गेली आणि सुट्टीवर असलेल्या नागसेनने माझं बटण बंद केलं. चुकून झालं असेल, असं मला वाटलं. पण त्याने झाकण उचलून पाहिलं, पुन्हा ठेवलं आणि निघून गेला. ती यायच्या जरा आधी त्याने गुपचूप बटण सुरू केलं.

झाकण उघडताच आंबूस वास सुटला. मटण कच्चंच होतं. वडिलांसमोर आम्रपालीची मान खाली गेली.

"मशीनच्या भरवशावर घर चालतं का?" नागसेन म्हणाला. "मी आधीच सांगत होतो."

माझ्यातलं रोज खाणारा माणूस माझ्यावरच आळ घेत होता! आणि आम्रपालीने तो खरा मानला. घराकडे लक्ष द्यायला म्हणून महिन्याभरात तिने नोकरी सोडली. मी माळ्यावर गेलो.

दोन वर्षांनी भंगारवाल्याला द्यायला तिने मला खाली काढलं. तेव्हा भिमाबाई म्हणाल्या, "देऊ नगं. त्यात बिघाड न्हाई. नागसेननं बटण बंद केलं व्हतं. म्या बघितलं व्हतं."

"आई, आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"पोटचा पोर हाय गं. जीभ उचलली न्हाई."

 आम्रपालीने मला घासलं आणि मसूर लावला. संध्याकाळी नागसेनपुढे ताट ठेवून म्हणाली, "बघ, शिजलाय. आता मी पुन्हा कामाला जाणार." त्याने ताट तसंच बाजूला सरकवलं.

कारखान्यात तिची जागा केव्हाच भरली होती. चाकणच्या दुसऱ्या कंपनीत ती पुन्हा खालच्या पायरीपासून, साधी हेल्पर म्हणून लागली.

मी अजून त्या तिघांसाठी शिजवतो. नागसेनसाठीही. पण मित्रांनो, जो तुम्हाला जेवू घालतो, त्याच्यावर खोटा आळ घेऊ नका. आणि खरं काय ते डोळ्यांनी पाहिलं असेल, तर त्याच दिवशी बोला.