शकुबाईनं भरलेली ओटी

मित्रांनो, मी एक जुनं पुस्तक आहे. पिकांवरच्या किडींचं. कपाशीवर कोणती अळी येते, तुरीची शेंग कोण पोखरतं, सगळं चित्रांसकट माझ्यात आहे. जन्म पुण्याच्या छापखान्यातला, पण आयुष्य गेलं नरसीत, उत्तमरावांच्या घरी.

लोक किडलेली बोंडं घेऊन यायचे. उत्तमराव ती माझ्या चित्रांशी ताडून बघायचे. फार मान होता मला. मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला अन् दिसेनासं झालं. घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं. एकदा तर मला दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून ठेवलं. खरं सांगतो, लागलं मला ते.

सन एकोणीसशे एक्केचाळीस असेल. उत्तमरावांनी ठरवलं, माझ्यासकट घरातली पुस्तकं हैदराबादेत विद्यापीठाच्या ग्रंथालयाला द्यायची. आपल्याकडची शेतकऱ्यांची पोरं तिथं शिकायला जातात. त्यांच्या हाताला मराठीतलं हे पुस्तक लागावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं.

पेटी भरली शकुबाईनं, त्यांच्या बायकोनं. लेक सासरी निघाली की आमच्याकडे ओटी भरतात, रिकामी धाडत नाहीत. तिनं माझ्या पहिल्या पानाला हळदीचं बोट लावलं. अन् पुस्तकांच्या मधे गहू, खोबरं, हळकुंड घातलं. प्रेमानंच.

वाटेत पूर आला. पेटी महिनाभर गोदामात अडकली. गव्हात सोंडे किडे झाले. खोबऱ्याच्या वासानं उंदरानं पेटीला भोक पाडलं, माझा पुठ्ठा कुरतडला. ग्रंथालयवाले म्हणाले, किडलेली पुस्तकं घेता येत नाहीत, बाकीचीही खराब होतील. बराबरच होतं त्यांचं. पेटी माघारी आली.

हिंगोलीचे अल्लाबक्ष पुस्तकांची जिल्द बांधायचे. ते हसले, "वैनी, किड्यांचं पुस्तक आधी किड्यांनीच वाचलं की."

शकुबाई हसली नाही. उत्तमराव म्हणाले, जाऊ दे आता.

"काहून जाऊ दे?" ती म्हणाली. "माझ्या हातानं बिघडलं, माझ्याच हातानं जाईल. भाऊ, तुमी नवी जिल्द बांधा. खळीत मोरचूद घाला, कीड नको यायला."

"अन् ओटी?"

"ओटी या वेळी मनातच भरीन, पेटीत नाही."

तिनं मला माळवदावर उन्हात वाळवलं. एकेक पान फडक्यानं पुसलं. चित्र आलं की खाली ओसरीकडे हाक द्यायची, "अहो, हिरवी हाय, पाठीवर रेघा."

खालून आंधळे उत्तमराव सांगायचे, "घाटेअळी. तुरीची शेंग पोखरते ती."

शेवटच्या पानापर्यंत तिला सगळ्या अळ्या पाठ झाल्या.

या वेळी बाकीची पुस्तकं पेटीत घालून अन् मला मांडीवर घेऊन ती स्वतः रेल्वेत बसली. ग्रंथालयातल्या माणसानं माझं पान न् पान तपासलं. पिवळ्या डागावर थांबला.

"हे काय?"

"हळद हाय. लेकीला लावतो तशी. तेवढी राहू द्या."

 मग त्यानं डागाच्या शेजारी शिक्का मारला. डागावर नाही.

आता अठ्ठेचाळीस साल आहे. माझे कोपरे मुडपलेत, जिल्द सैल झाली आहे. वाचणाऱ्यांच्या हातांनी झाली, उंदरांनी नाही. मागच्या आठवड्यात सेनगावकडचा एक पोरगा घाटेअळीचं पान उघडून बसला होता, वडिलांच्या तुरीसाठी सगळं उतरवून घेत.

म्हणून सांगतो, मित्रांनो. घरातलं पुस्तक झाकण होऊन राहिलं असेल तर ते ग्रंथालयाला देऊन टाका. ऊन दाखवा, पुसा, कोरडं करा. मधे खाऊ ठेवू नका. अन् माघारी आलं, तर परत घेऊन जा.