पूल जोडायचं मशीन

इशेनबेक काराकोल शहरातल्या एका शाळेत कवायतीचा मास्तर होता. वर्षानुवर्षं शिट्टी फुंकून त्याची ठाम समजूत झाली होती की जगातली कुठलीही अडचण जोर कमी पडल्यामुळेच येते. म्हणून त्याच्या जुन्या मोटारीचा गंजलेला तळ फाटला आणि बायकोचा पाय बुटासकट खाली लोंबकळला, तेव्हा तो म्हणाला, "तू पाय आपटलास."

"हो ना," बुरूल पाय वर ओढत म्हणाली. "बसल्या बसल्या मला नाचायची हुक्की आली."

गॅरेजवाल्याने तळाचे जे पैसे सांगितले, त्यात तशीच दुसरी मोटार आली असती, तीही तळासकट. महिन्याभराने लेकीच्या सासरी बालिक्चीला नातवाला पाळण्यात घालायचं होतं आणि तिथे उघड्या तळाने जाणं बरं दिसलं नसतं. इशेनबेकने ठरवलं, वेल्डिंगचं लहानसं मशीन घ्यायचं आणि काम घरीच उरकायचं.

"एक मेंढा विकू," बुरूलने हिशेब संपवला. "त्यात बसेल ते आणा. दुसऱ्या मेंढ्याकडे बघायचंसुद्धा नाही."

बाजारात सोबत तिचा धाकटा भाऊ मेदेर गेला. मेदेरने एक उन्हाळा रशियात इमारतींच्या कामावर काढला होता. तिथून पैसे फारसे आले नाहीत, पण मतं भरपूर आली. दुकानदाराने आधी एक छोटी पेटी दाखवली. आत बारीक तारेचं रीळ, बाहेर नळीला बंदुकीसारखी मूठ.

"हे काय, शिलाई मशीन?" इशेनबेकने विचारलं.

"दाजी, हे बायकांचं," मेदेर म्हणाला. "मशीन घोड्यासारखं ताकद बघून घ्यायचं."

दुकानदार समजूतदार होता. गिऱ्हाइकाला काय ऐकायचंय ते त्याला कळलं. त्याने जाड कांडीने जोडणारं मोठं मशीन पुढे ओढलं आणि म्हणाला, "याने पूल जोडता येतो."

आपल्याकडे पूल नाही, हे तिथे कुणी म्हटलं नाही. म्हणणारी घरी होती.

घरी येऊन इशेनबेकने कांडी तळाला टेकवली. बटणाएवढं भोक पडलं. ते बुजवायला गेला तर बशीएवढं झालं. त्याने जोर वाढवला. संध्याकाळी तळातून एक कोंबडी आत आली, सीटवर बसून इकडेतिकडे बघून गेली. गल्लीतले दिवे मधूनमधून डोळे मिचकावत होते. शेजारच्या आजी फाटकाशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, तुमचं झालं की सांगा. टीव्हीवर कोण बोलतंय ते मला बघायचंय."

"पत्राच हलका निघाला दाजी," मेदेरने निदान केलं. "मशीनला दोष नाही."

"मशीन झकास आहे," बुरूल म्हणाली. "आता एक पूल तेवढा विकत घ्या."

इशेनबेक जेवला नाही. म्हणजे दोनदा नको म्हणाला आणि मग लगमानच्या शेवयांचा वाडगा संपवला.

पुढच्या रविवारी मशीन परत घेऊन बुरूल स्वतः निघाली, इशेनबेक ते उचलायला सोबत. ती ऑर्डरचे केक करायची. अर्ध्या काराकोलच्या वाढदिवसांवर तिच्या हातची क्रीमची फुलं असत. दुकानदार सवयीने सांगायला लागला, हे इतक्या जोरात चालतं, ते तितक्या.

"मंद किती चालतं?" तिने विचारलं.

दुकानदाराने एकेक पेटी उलटी करून मागचं लिहिलेलं वाचलं. ते शिलाई मशीनच सगळ्यात मंद निघालं, पण त्याला गॅसचा बाटला जोडावा लागत होता.

"गॅसच्या बाटल्याशिवाय चालेल ना?" इशेनबेक मध्ये बोलला. तेवढीच बचत दाखवायची होती.

"वेगळी तार घालून चालतं. पण शिंतोडे उडतात, आच जास्त लागते. कुंपणाला ठीक. मोटारीच्या पत्र्याला गॅसच घ्या."

पुलाचं मशीन दुकानदाराने थोडे पैसे कापून परत घेतलं, बाटला भाड्याने दिला, आणि सगळं मेंढ्यात बसलं.

अंगणात पहिला हात अर्थातच इशेनबेकचा. भंगारातल्या एका मोटारीच्या छताचा तुकडा कापून त्याने भोकावर ठेवला आणि एका दमात लांबलचक रेघ मारली. तुकडा तापून भाजलेल्या पापडासारखा वाकडा झाला.

"सरका," बुरूल म्हणाली आणि मुखवटा चढवला.

नव्या तुकड्यावर तिने एक ठिपका टाकला, हात उचलला, दुसऱ्या टोकाला दुसरा टाकला. पत्रा निवेपर्यंत थांबली. पुन्हा एक. इशेनबेकला आग लागलीच तर म्हणून पाण्याची बादली धरून उभं राहायचं काम मिळालं. ते त्याने सगळा जोर लावून केलं. तळ शिवला गेला. सुंदर नव्हता, पण वर उड्या मारल्या तरी हलला नाही.

बालिक्चीला व्याही जान्यबाय गुडघ्यावर बसून मोटारीखाली डोकावले. "कुणी केलं हो?"

"घरीच झालं," इशेनबेक म्हणाला. पुरुषांनी माना डोलावल्या. मानाचं मटणाचं हाड त्याच्या ताटात आलं आणि त्याने ते नाकारलं नाही.

मग व्याही म्हणाले, "माझ्या व्हॅनची पायरी गेलीय. शनिवारी घेऊन येतो. मास्तर, तुमचा हात बघायचाय."

हाड इशेनबेकच्या तोंडाशीच राहिलं. समोर बुरूल चहा ओतत होती. तिने मदत केली नाही. फक्त ओतायचं जरा हळू केलं. इशेनबेकने हाड खाली ठेवलं.

"हात माझा नाही," तो म्हणाला. "हिचा आहे. मी बादली धरतो."

"दाजी थट्टा करतायत," मेदेर हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. व्याही मोटारीकडे बघून आले होते, आता बुरूलकडे बघत होते.

"शनिवारी केक आहे माझा," ती म्हणाली. "रविवारी आणा. आणि पायरी आधी खरवडून लागेल, गंजावर काही धरत नाही."

रविवारी व्याही खरंच व्हॅन घेऊन आले. खरवडायचं काम इशेनबेकने घेतलं. हातात लोखंडी ब्रश, डोळ्यांवर चष्मा, लोखंड चकचकीत होईपर्यंत गंज घासायचा. इथे जोर लावला तर कुणी काही बोलत नव्हतं. अर्ध्या तासात त्याचा शर्ट ओला झाला. बुरूलने वाकून पत्र्यावरून बोट फिरवलं.

"छान झालंय," ती म्हणाली. त्यात टोमणा कुठे आहे ते तो थोडा वेळ शोधत राहिला. सापडला नाही, तेव्हा त्याने दुसऱ्या बाजूची पायरीही घासायला घेतली.