निकाल सांगायचा नाही

शनिवारी दुपारी इन्व्हरलारमध्ये दोन गोष्टी ठरलेल्या असत. समुद्रावरून हाडं गोठवणारा वारा सुटणार आणि थिसल हा गावचा फुटबॉल संघ हरणार. देशातल्या सगळ्यात खालच्या लीगच्याही तळाशी हा संघ वर्षानुवर्षं ठाण मांडून बसला होता. मैदानाच्या एका अंगाला समुद्राची भिंत होती. थिसलच्या बचावपटूंना चेंडू मारायची दिशा एकच माहीत असल्यामुळे तो भिंतीवरून सरळ पाण्यात जाई, आणि तो काढायला लांब दांड्याची जाळी घेऊन एक माणूस कायमचा नेमलेला होता. गावातले टोमणे मारत, की संघातला सगळ्यात कामाचा खेळाडू तोच. तरीही दोन-अडीचशे माणसं न चुकता तिकीट काढून आत येत. त्यांचे बाप आणि आजे याच कठड्यांना टेकून याच शिव्या देत आले होते, त्यामुळे शनिवारी दुसरीकडे कुठे जावं हे कुणाला सुचतच नसे.

वॉटी गेडिस त्यांच्यातलाच. बसच्या डेपोत मेकॅनिक म्हणून जन्म काढला आणि आता रिटायर झालेला. त्याच्या शेजारी डॉड मिल्न, शाळेपासूनचा दोस्त. दोघांची जागा ठरलेली, भांडणंही ठरलेली.

वॉटीची मुलगी इओना सायकलच्या शर्यतींत पोटापाण्याला लागली होती. एका डच संघात होती. तिचं काम जिंकायचं नव्हतं. संघात जी जिंकणारी असते तिच्यापुढे वारा अंगावर घेत सायकल हाणायची, तिला पाण्याच्या बाटल्या आणून द्यायच्या आणि शेवटी दमून मागे पडायचं. शर्यतीचा निकाल वाचताना तिचं नाव शोधायला खालून सुरुवात करावी लागे. पण गावाला तिचं भारी कौतुक. ज्या माणसांना आयुष्यात फुटबॉलशिवाय कशाचंच कळलं नव्हतं, ती आता बाजूचा वारा आणि ओले दगडी रस्ते यांवर तावातावाने वाद घालत.

दोन वर्षांपूर्वी इटलीतल्या एका घाटाच्या उतारावर इओना पडली. वॉटी घरी टीव्हीसमोर होता. वळणावर तिची सायकल घसरली आणि ती कठड्यापलीकडे दिसेनाशी झाली. शर्यत पुढे गेली, म्हणून कॅमेराही पुढे गेला. पुढच्या बायका जिंकण्यासाठी धडपडत होत्या, समालोचक त्यांच्याबद्दल बोलत होते, आणि आपली पोर जिवंत आहे की नाही हे वॉटीला पाऊण तास कळलं नाही. कंबरेचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, ती पुन्हा सायकलवर बसली. वॉटीचं मात्र काहीतरी मोडलं ते जुळलं नाही. त्यानंतर त्याने एकही शर्यत चालू असताना पाहिली नाही.

त्याने नियम केला. शर्यतीच्या दिवशी फोन घरी ड्रॉवरमध्ये ठेवायचा आणि मैदानावर जायचं. टीव्हीवर शर्यत रेकॉर्ड होई. ती चालू असताना बघायचं काम बायकोचं, सेन्गाचं. पोर सुखरूप असेल तर सेन्गाने पुढच्या खोलीचा पडदा उघडा ठेवायचा. वॉटी गल्लीच्या तोंडाशी येऊन आधी खिडकीकडे बघे आणि मगच घरात शिरे. मग चहा घेऊन शर्यत बघायची, जणू आत्ताच चालली आहे. म्हणून मैदानावर कुणी अवाक्षर काढायचं नाही. चांगलं नाही, वाईट नाही, काहीच नाही. एकदा डॉडच्या तोंडून अनवधानाने निघून गेलं, "अकरावी आली रे पोरगी." वॉटी ईस्टरपर्यंत त्याच्याशी बोलला नाही. तेव्हापासून सगळ्यांनी कानाला खडा लावला.

आज बेल्जियममधली हंगामाची पहिली मोठी शर्यत होती. दगडी रस्ते, त्यात पाऊस. इथे थिसलचा सामना रडतखडत चालला होता. पूर्वार्धात एक गंमत झाली. चेंडू समुद्रात गेलेला, खेळ थांबलेला, आणि मागच्या पायरीवरून चारपाच जण एकदम ओरडले, "चल, चल, चल!" वॉटीने वळून पाहिलं तर सगळे आकाशाकडे बघू लागले. डॉडचा फोन जाकिटाच्या आत होता आणि चेहरा असा फुललेला, की जणू थिसलने कप जिंकलाय.

"काय झालं?" वॉटीने विचारलं.

"कुठं काय? चेंडू आला वर," डॉड म्हणाला.

मग मध्यंतराच्या थोडं आधी, चेंडू आपल्याच गोलकीपरच्या हातात निवांत असताना, मागून एक लांबलचक कण्हणं आलं. कुणीतरी "अरेरे, देवा" म्हणालं. डॉडने फोन खिशात टाकला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि नाक शिंकरलं. वॉटी त्या खिशाकडे बघत राहिला.

मध्यंतराला इथली रीत अशी, की सगळ्यांनी मैदानाला वळसा घालून पलीकडच्या गोलमागे जायचं, कारण उत्तरार्धात आपला संघ तिकडे गोल मारणार. म्हणजे मारला तर. त्या फेरीत एरवी नुसता कालवा असे. आज सगळे खाली मान घालून, मयताला निघाल्यासारखे चालले होते. वॉटीजवळ यायला कुणी तयार नाही, आणि त्याला सोडून पुढे जायलाही नाही.

वाटेत एफीची टपरी होती. एफी मटणाचं सारण भरलेल्या भाजक्या पाई विकायची. उधारी नाही, सुट्टे नसतील तर पाई नाही, आणि सख्ख्या भावालाही सवलत नाही, अशी तिची ख्याती. तिने खिडकीतून हात बाहेर काढला आणि एक गरम पाई वॉटीच्या हातात ठेवली. त्याने खिसा चाचपला तेव्हा तिने त्याच्या हातावर हात ठेवला.

"राहू दे," ती म्हणाली. "खाऊन घे. अंगात ऊब येईल."

ही बाई फुकट देते म्हणजे काय झालं असेल? पाई हातात तशीच राहिली. नव्या जागी कठड्याला टेकल्यावर त्याने डॉडची बाही धरली.

"डॉड, सांग."

"काय सांगू?"

"नियम राहू दे बाजूला. मी मोकळं करतो तुला. सांग."

डॉड घाबरला. "मागच्या खेपेला नुसतं तोंडून निसटलं होतं. तरी ईस्टरपर्यंत तोंड फिरवलंस. मी नाही बाबा. घरी जा, सेन्गा सांगेल."

"एवढं तरी बोल. वाईट आहे ना?"

डॉडला खोटं बोलता येत नसे, आणि चेहरा लपवणं तर त्याहून जमत नसे. त्याने एवढंच केलं, की वॉटीच्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर हात ठेवायची या गावात रीत नाही. लग्नातही लोक लांबूनच मान हलवतात.

तेवढ्यात लाउडस्पीकर खरखरला. एरवी त्यावरचा माणूस प्रत्येक घोषणेला एक विनोद चिकटवी. आज त्याचा आवाज गंभीर होता. "वॉल्टर गेडिस यांनी ताबडतोब ऑफिसात यावं. त्यांच्यासाठी फोन आहे."

वॉल्टर. त्याला वॉल्टर म्हणणारी माणसं म्हणजे पाद्री आणि इस्पितळातले लोक. आणि सेन्गा मैदानावर कधीही फोन करणार नाही, तिचा निरोप पडद्याचा. तिने फोन केला असेल तर पडद्याने भागण्यासारखं राहिलेलं नाही, हे वॉटीला उमगलं.

ऑफिस मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, स्टँडच्या पोटात होतं. खेळ चालूच होता. वॉटी सीमारेषेच्या कडेकडेने चालत निघाला आणि बघणाऱ्यांचे डोळे चेंडू सोडून त्याच्यामागे फिरू लागले. एका म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर थोपटलं. "फार वाईट झालं, वॉटी. फार वाईट." वॉटीला ओरडून विचारावंसं वाटलं, की किती वाईट, पण तो चालत राहिला. पोरगी सहा वर्षांची असताना आपणच तिला भंगारातून सायकल जुळवून दिली, टेकडीच्या उतारावर मागून धरलेली सीट आपणच सोडली, एवढंच त्याच्या डोक्यात घुमत होतं. हातातली पाई गार होत चालली होती.

ऑफिसातल्या बाईने त्याच्या हाती रिसीव्हर दिला आणि न बोलता बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. ते लोटलेलं दार बघून त्याची उरलीसुरली आशा संपली.

"हॅलो," तो म्हणाला.

पलीकडून हुंदका आला. सेन्गाचा नव्हता. "बाबा."

वॉटी खुर्चीत मटकन बसला. "इओना? तू? बाळा, कुठे लागलंय?"

"कुठे नाही लागलं."

"खोटं बोलू नकोस. कंबर? हात? उभं राहता येतंय का?"

"बाबा, मी उभीच आहे. आमच्या संघाच्या बसच्या मागे उभी आहे आणि रडतेय. तुझा फोन बंद, म्हणून आईकडून हा नंबर घेतला." तिने नाक ओढलं. "मी हरले."

"काय?"

"हरले! शेवटच्या चढावर मी एकटी पुढे गेले. एकटी, बाबा. मला कुणी सांगितलं नव्हतं, मीच गेले. शेवटची रेषा दिसत होती. आणि तिघींनी मला गाठलं. माझ्या अगदी अंगावरून गेल्या. मी चौथी आले."

"पडली नाहीस?"

"नाही म्हटलं ना."

"जरासुद्धा नाही? दगडांवर वगैरे?"

"बाबा, मी आयुष्यातली सगळ्यात मोठी शर्यत हरले म्हणतेय!"

वॉटीचा जीव भांड्यात पडला. तो हसू लागला. आधी हळू, मग खदखदून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. हरली. नुसती हरली. अरे, हरण्यासारखी सुरेख गोष्ट जगात दुसरी नाही, या गावाला तर तिची सवय आहे. बाहेर शंभर माणसं त्याच्या पोरीच्या हरण्याचा शोक करत होती, आणि तो शोक त्याने तिच्या जाण्याचा समजून अंगावर घेतला होता.

"तू हसतोयस?" इओनाचा आवाज दुखावलेला होता.

"हसतोय गं पोरी. चौथी आलीस ना? छान झालं. फार छान झालं."

मग ती म्हणाली, "तू बघत नव्हतास ना?"

वॉटीचं हसू थांबलं.

"पुढे एकटी होते ना, तेव्हा वाटलं, आज बाबा बघत असेल. कॅमेऱ्याची मोटरसायकल माझ्या शेजारून चालली होती. मला वाटलं, मला बघायला दुसरं कुणी नसलं तरी तो असेलच. मग आठवलं, आज शनिवार."

भीतीपोटी आपण तिचं पडणं टाळत होतो असं त्याला वाटे. टाळलं होतं ते तिचं पुढे जाणं.

"पुढची कधी?" त्याने विचारलं.

"आठ दिवसांनी. रविवारी."

"बघेन. चालू असतानाच बघेन."

"पडले तर?"

"तर शिव्या देईन. इथे दुसरं काय शिकलोय?"

आता ती हसली. नाक ओढत, पण हसली.

वॉटी परत आला तो दोन्ही हात वर करून. गोलमागची माणसं बुचकळ्यात पडली. डॉड पुढे आला. "अरे, हरली ना ती? आम्ही सगळ्यांनी पाहिलं."

"हरली! सणसणीत हरली! आणि तुम्ही गाढवांनी चेहरे असे केले होते, की मी तिला पुरायच्या तयारीला लागलो होतो."

डॉडच्या डोक्यात प्रकाश पडायला वेळ लागला, आणि पडला तेव्हा तो पांढराफटक झाला. त्याने वॉटीला इतक्या शिव्या दिल्या, की बाजूची माणसं ऐकायला थांबली. टपरीतून एफी ओरडली, की हसतोयस तर माझी पाई परत दे.

"फोन काढ," वॉटी म्हणाला. "दाखव मला."

डॉडने फोन काढला, आणि मैदानाकडे पाठ करून सगळे त्याभोवती गोळा झाले. छोट्याशा पडद्यावर इओना एकटी होती, तोंडभर चिखल, खांदे हलताहेत, मागे रिकामा रस्ता. निकाल ठाऊक असूनही वॉटी "चल, चल, चल" ओरडू लागला, आणि ज्यांनी हे आधीच पाहिलं होतं तेही ओरडू लागले. तिघींनी तिला गाठलं तेव्हा सगळे पुन्हा कण्हले. वॉटीही कण्हला, आणि मग म्हणाला, "पुन्हा लाव."

तेवढ्यात पाठीमागे गलका झाला. थिसलचे खेळाडू एकमेकांच्या अंगावर पडत होते. गोल झाला होता, तोही आपला, तोही हे उभे होते त्याच गोलात, हातभर अंतरावर, आणि एकानेही पाहिला नव्हता.

"कोणी मारला?" डॉडने कळवळून विचारलं.

एफी खिडकीत हाताची घडी घालून उभी होती. "मी पाहिलाय," ती म्हणाली. "पण तुमच्यात सांगायचं नसतं ना?"

अंधार पडता पडता वॉटी गल्लीच्या तोंडाशी आला. सवयीने त्याने मान वर करून पाहिलं. पडदा उघडा होता, दिवा लागलेला होता, आणि काचेमागे सेन्गा उभी होती. तिथून तो तिला दर शर्यतीच्या दिवशी बघत असे, पण ती किती थकलेली दिसते हे त्याने आज पाहिलं. दोन वर्षं प्रत्येक उतार ती एकटीने बघत आली होती आणि मग येऊन पडदा उघडत होती.

घरात शिरून त्याने बूट काढले. "रविवारी मी बसतो तुझ्याशेजारी," तो म्हणाला. "पहिल्यापासून."

सेन्गाने त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "आणि पडद्याचं काय?"

"लावून घे," वॉटी म्हणाला. "गारठा येतोय."