कॅलेंडरातली सडक

इंद्रवेल्लीजवळच्या एका खेड्यात खुशाल मास्तर होता. बहात्तर सालच्या उन्हाळ्यात बैलबंडीत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या भरताना एक काडी त्याच्या उजव्या डोळ्यात घुसली. नागपूरला नेलं, पण डोळा वाचला नाही.

परतल्यावर त्याला दिसत सगळं होतं, फक्त अंतर कळेना. तांब्यातलं पाणी गिलासाबाहेर पडे. उंबरा यायच्या आधीच पाय उचलला जाई. शाळा उघडल्यावर एका मुलीला खडू देताना त्यानं तो तिच्या हाताच्या अलीकडेच सोडला. वर्ग हसला. त्यानंतर तो खडू टेबलावर ठेवू लागला. घरीही तो फारसा बोलेना.

भिंतीवर आदिलाबादच्या एका आडत दुकानाचं कॅलेंडर होतं. चित्रात दोन्ही बाजूंना झाडं असलेली सडक. एका दुपारी तो त्यापुढे बराच वेळ उभा राहिला.

"काय पाहून राह्यले?" त्याच्या बायकोनं, मनकर्णानं विचारलं.

"हे सडक पयले कागदावर होती. आता भिंतीच्या आत जाऊन राह्यली."

दुसराही डोळा बिघडला की काय, म्हणून ती घाबरली. त्यानं तिला एक डोळा झाकायला लावला आणि दुसऱ्यापुढे मुठीची नळी धरायला सांगितली. तिनं नळीतून चित्राकडे पाहिलं.

"खोल दिसते खरी," ती म्हणाली. "पर कागद तं सपाटच हाये."

"सपाट हाये हे दोन डोयांले समजते. एकाले नाही समजत."

"मंग कोन्तं झाड जवळ, कोन्तं दूर, तुमाले कसं समजते?"

"जवळचं मोठं हाये. मागच्याले झाकते. सावली बुडाले टेकली हाये."

"मंग गिलासाची सावली काऊन नाही पाहत?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं अंगणात उन्हात गिलास मांडला. त्यानं मान थोडी इकडेतिकडे हलवली, तांब्याची सावली गिलासाच्या सावलीला भिडेपर्यंत हात पुढे नेला आणि पाणी ओतलं. अर्धं आत पडलं. तिनं गिलास रिकामा करून पुन्हा मांडला.

दिवाळीपर्यंत तो खडू हातात देऊ लागला. पुढे सायकलही चालवू लागला. समोरून बंडी आली की मात्र फार आधी उतरून कडेला उभा राही, आणि मागे बसलेली मनकर्णाही उतरे.