फांदी माझ्या पायाशीच होती

मित्रांनो, मी एक जुना लाकडी फलक आहे. नागभीडच्या पुढे धानाच्या बांध्या संपून जंगलाची डोंगरी सुरू होते, तिथे पायथ्याशी मी उभा असतो. माझ्या बाजूने दोन वाटा फुटतात. डावी कड्यावर चढते, उजवी झाडीतून तलावाकडे जाते. कुठली वाट कुठे जाते एवढं मी सांगतो. त्यापलीकडे मला काही येत नाही, आणि माझं सगळं दुःख तिथेच आहे.

मी जन्मतः फलक नव्हतो. मनसारामच्या मासेमारीच्या नावेची मी फळी होतो. नाव गळायला लागली तेव्हा त्याने ती मोडली. बाकीच्या फळ्या चुलीत गेल्या, मला मात्र त्याच्या लेकीने, जयाने उचललं. जया नुकतीच बारावी झाली होती आणि रविवारी डोंगरी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना वाट दाखवत असे. तिने मला घासलं, हिरवा रंग दिला आणि पिवळ्या अक्षरांत लिहिलं, ‘कडा – सर्वांत सुंदर दृश्य’ आणि ‘तलाव – सोपी वाट’. पहिल्या दिवशी माझा तोरा काय विचारता!

नागपूर-चंद्रपूरच्या गाड्या थांबत. माणसं माझ्यापुढे उभी राहून खल करत. एकाला दृश्य हवं असे, एकीचे गुडघे दुखत, कोणाला जेवायच्या आत परतायचं असे. पोरं तर नेहमी कड्यावरच जायचं म्हणत. समोरच्या टपरीवर जयाची आई गोकुळा चहा उकळत ही गंमत ऐकत असे. जाताना लोक माझ्यासोबत फोटो काढत. पुढे रंग उडाला. वानरं माझ्यावर बसून शेंगा खाऊ लागली, आणि त्याहूनही वाईट काय काय करू लागली. पण जयाने मला कधी टाकून दिलं नाही.

या भागात एक रीत आहे. पुढे धोका असला की वाटेवर हिरवी फांदी आडवी टाकायची. अस्वल दिसलं, झाड पडलं, काहीही असो. गावचा माणूस ती फांदी बघून मागे फिरतो आणि कोणी टाकली, कशाला टाकली, हे विचारत बसत नाही. ही गोष्ट माझ्यावर कोणी लिहिली नाही. गावातल्या कोणालाच वाटलं नाही की एवढी साधी गोष्ट लिहावी लागेल.

गेल्या हिवाळ्यात कड्याखाली आग्या मोहोळ बसलं. कोणीतरी धूर करून मध काढायला गेलं आणि अर्धवट सोडून पळालं. माश्या चवताळल्या. सकाळी शेजारच्या मुखरूने ते पाहिलं, ऐनाची फांदी तोडून डाव्या वाटेवर आडवी टाकली आणि गोकुळेला ओरडून सांगितलं, “वर कोणाले जाऊ देजो नोको वो बाई, माश्या लय खवळल्या!” गोकुळा बरं म्हणाली. थोड्या वेळाने मनसारामने जाळं ओढायला हाक मारली, तशी ती चुलीवर चहा ठेवून तलावावर गेली. फांदी होतीच ना राखणीला.

तेवढ्यात एक गाडी आली. आईवडील, आजी आणि करिष्मा नावाची मुलगी. मोठी सालस माणसं हो. करिष्माची आई म्हणाली, “अगंबाई, फांदी पडलीय वाटेत. कोणाच्या तरी पायात येईल.” तिने ती नीट उचलली आणि मला टेकवून ठेवली. मग आजीच्या गुडघ्यांचा विचार करून सगळे उजवीकडे तलावाला गेले.

मी एकटाच उरलो. ऐनाची पानं माझ्या अंगाला लागत होती. मला हात असता तर!

मग कमरेला कोयता लावून जया आली. तिला वरून झाडूचं गवत आणायचं होतं. ती वाटेच्या तोंडाशी थांबली, तिने खाली बघितलं. टपरीकडे पाहून तिने हाक मारली, “आई वो! वर जाऊन राह्यली मी!” टपरीतून उत्तर आलं नाही. “वाट तं मोकळीच हाय,” असं म्हणून ती डावीकडे चढू लागली. जया, मागे बघ. तुझ्या फळीकडे एकदा बघ. मी असा आतल्या आत ओरडत राहिलो, पण लाकडाचं ओरडणं कोण ऐकणार?

ती खाली आली ती ओढणी तोंडावर गुंडाळून, पडत, ठेचकाळत. तिच्यामागे आलेल्या माश्या माझ्यावरही बसल्या. मला काय डसणार त्या! सगळ्या मलाच डसल्या असत्या तर किती बरं झालं असतं. किंकाळी ऐकून गोकुळा धावत आली. मुखरूने जयाला घोंगडीत गुंडाळून मोटारसायकलवर घातलं, गोकुळा मागे बसली आणि ते दवाखान्यात गेले.

काही वेळाने पाहुणे तलावाकडून हसत परतले. चुलीवरचा चहा आटून करपला होता. “काय हे, टपरी उघडी टाकून गेले!” असं म्हणत त्यांनी माझ्यासोबत फोटो काढला. फांदीही त्या फोटोत आली. त्यांचा मला राग येत नाही. त्यांना कोणी सांगितलं होतं?

जया वाचली. पण उजव्या डोळ्याने तिला आता धूसर दिसतं, आणि ती डोंगरी चढत नाही. बरी झाल्यावर तिने ब्रश घेतला आणि उरलेल्या जागेत, अगदी खाली लिहिलं, ‘हिरवी फांदी आडवी असेल तर जाऊ नका.’ अक्षरं वाकडी आली, आणि त्यांच्यापुढे आता गवत वाढलं आहे. लोक ‘सर्वांत सुंदर दृश्य’ तेवढं वाचतात.

मित्रांनो, डोंगर बघायला जरूर या. कुठल्याही वाटेने जा, पण गावच्या माणसाला आधी विचारा, आणि वाटेवर कोणी काही ठेवलं असेल तर ते असू द्या. मी तुम्हाला हात जोडले असते.

आज सकाळी मुखरूने पुन्हा फांदी टाकली आहे. जया टपरीमागे भांडी घासते आहे. आत्ताच एक गाडी थांबली. एक ताई उतरल्या, त्यांनी मला वाचलं, वाटेकडे पाहिलं, आणि आता त्या फांदीकडे वाकल्या आहेत.